शेवटच्या दाढेतली सात घरं

एकदा काय झालं, मधुसेन नावाच्या एका राजाच्या तोंडात एक गाव वसलं.

हसू नका. तुमच्याही तोंडात एक आहे. पण ही गोष्ट राजाच्या तोंडातली, बरं का.

त्या गावातले जीव इतके बारीक, की मोहरीच्या एका दाण्यावर त्यांची अख्खी जत्रा भरावी. त्यांना डोळे नव्हते, कान नव्हते.

काय म्हणालीस, शालू? नाक? नाकही नव्हतं. सगळं अंगच नाक. अंगभर बारीक बारीक कुलपं, आणि एकेका गंधाची एकेक किल्ली. किल्ली कुलपात बसली की त्यांना आत कळायचं. बोलणंसुद्धा सगळं गंधाचं. मी तुम्हाला तोंडाने सांगते आहे, कारण मला काही अंगातून गंध काढता येत नाही.

त्या गावाची एक रीत होती. रोज प्रत्येक घराने आपल्या दारात चिमूटभर गंध ठेवायचा. गावातून लाळेची नदी वाहायची. ती थोडा गंध न्यायची, थोडा उरायचा. उरलेला गंध विरळ असला, की समजायचं, आपण थोडे आहोत, गप्प बसावं. गंध दाट झाला, की समजायचं, आपण पुष्कळ झालो. मग सगळ्यांनी मिळून एकदम कामाला लागायचं. चिकट भिंत बांधायची, आंबट रस काढायचा. एकट्याने भिंत बांधायला गेलं तर नदी भिंतीसकट वाहून न्यायची ना! म्हणून ही रीत. त्यांना आकडे येत नव्हते. गंध हीच त्यांची मोजणी.

तर या गावात चिमाक्का राहायची. तिचा धाकटा भाऊ गोंदा. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. मोठा झाला आणि गोंदाला नदीचा कंटाळा आला. "ताई, रोज पाय घट्ट रोवून किती दिवस बसायचं?" म्हणाला, आणि सात घरं घेऊन निघाला. कुठे गेला? तर राजाच्या शेवटच्या दाढेत. तिथे एक कपार होती. नदी तिथे पोचायची नाही. राजाने पेढा खाल्ला, की कण मात्र तिथे बरोबर अडकायचा. चिमाक्काने सातही घरांना शिदोरी बांधून दिली.

मग काय झालं? सात घरांनी रोज दारात चिमूटभर गंध ठेवला. पण न्यायला नदीच नाही! आजचा गंध राहिला, त्यावर उद्याचा आला, त्यावर परवाचा. दाट, दाट, दाट. गोंदाच्या अंगावरची सगळी कुलपं खटाखट उघडली.

"अरे बाप रे!" गोंदा म्हणाला. "आपण लाखो झालो!"

होती किती घरं? सातच.

मोठ्या माणसांचंही असंच होतं बरं का. दार लावून बसतात, आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि म्हणतात, सगळा देश आमच्या मागे आहे. जाऊ दे. मला त्याचा राग येतो, आणि मी रागावले की तुमची झोप उडेल.

मग लाखो झालेल्या त्या सात घरांनी भिंत बांधली. आंबट रस काढला. दाढ झिजायला लागली. तिकडे राजा गालाला हात लावून ओरडायला लागला. राजवैद्य आला.

"आ करा, महाराज. काय खाल्लं होतंत?"

"विशेष काही नाही. दोन पेढे."

"दोन?"

"दोन ताटं."

वैद्याने लोखंडी आकड्याने दाढेवर टकटक केलं. "तीन दिवस मीठपाण्याच्या चुळा भरा. गोड बंद. चौथ्या दिवशी बघतो. कीड थांबली नसेल, तर दाढ उपटायची."

गावाला शब्द कळले नाहीत. पण लोखंडाची चव सगळ्यांना कळली. मागे एकदा समोरच्या दाढेला अशीच चव लागली होती. चौथ्या दिवशी ती दाढ गेली, आणि तिच्यावरची सगळी घरंही गेली. चिमाक्का म्हणाली, माझा गोंदा!

पहिल्या दिवशी तिने आपल्या दारातूनच गंध सोडला. "गोंदा, थांब रे!" तो गंध नदीतून वळसा घेत कपारीपर्यंत गेला आणि भिंतीला लागून विरला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः भिंतीशी गेली.

"गोंद्या, भिंत पाड. दाढ जाणार आहे."

"ताई, तू नदीकाठी घाबरत बस. माझ्यामागे लाखभर आहेत!"

"सात आहेत. मीच शिदोऱ्या बांधल्या."

"ते तेव्हा. आता बघ, एकही कुलूप बंद नाही माझं."

आतून बाकीचे हसले. "म्हातारीची कुलपं गंजली!"

चिमाक्का परत फिरली. आणि त्याच संध्याकाळी राजाने काय करावं? उशीखालून लाडू काढला आणि गपकन खाल्ला! कण गेला थेट कपारीत. आंबट रस दुप्पट झाला.

तिसरा दिवस उजाडला. आता चिमाक्काला एकच उपाय उरला. तिला गंध पिता यायचा. सगळ्यांना येत नाही बरं का, एखाद्यालाच येतं. पण त्यासाठी आत शिरायला हवं होतं, आणि आत इतकं आंबट होतं, की सवय नसलेल्याचं अंग भाजावं. शेजारणी म्हणाल्या, "चिमाक्के, जळशील. परत यायची नाहीस."

"आले तर दोघं येऊ," ती म्हणाली, आणि फटीतून आत शिरली.

आत जाताच तिचीसुद्धा कुलपं उघडली! तिलाही वाटलं, खरंच की, केवढे आहोत आपण! किती छान वाटलं तिला. मग तिला त्या शिदोऱ्या आठवल्या. तिने पहिला घोट घेतला. अंग चरचरलं. हसणारे गप्प झाले. तिने दुसरा घोट घेतला. गोंदाची कुलपं एकेक करून मिटायला लागली. तिने तिसरा घोट घेतला, मोठा. मग तिथे काहीच उरलं नाही. अगदी सामसूम.

"ताई," गोंदा हळूच म्हणाला, "सगळे कुठे गेले?"

"कुणी गेलं नाही. एवढेच होतो."

"मग माझ्यामागे कोण होतं?"

"तूच होतास, बाळा. तुझाच गंध तुला परत लागत होता."

गोंदा ताईच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "मला भीती वाटते."

"वाटू दे. मी आहे ना. थोडे असलो की थोड्यांसारखं राहायचं. त्यात लाज कसली?"

मग आठही जणांनी मिळून भिंत पाडली. तेवढ्यात राजाने खळखळून चूळ भरली. पाणी धो धो आत आलं. चिमाक्काचं अंग भाजलेलं, तिला धरवेना. गोंदाने तिला घट्ट धरलं. बाकीच्यांनी गोंदाला धरलं. आणि सगळे वाहत वाहत गावाच्या काठाला लागले.

चौथ्या दिवशी वैद्य आला. बघितलं, टकटक केलं. "खड्डा आहे, पण आता वाढत नाही. बुजवून टाकतो. राहू दे दाढ."

"मग एक पेढा?"

"एक. आणि लगेच चूळ."

राजा वैद्याचं ऐकायला लागला. बहुतेक दिवस तरी. चिमाक्काचं अंग हळूहळू बरं झालं. गोंदाने तिच्या शेजारीच घर केलं. गावात कुणी लाखाच्या गमजा मारत नव्हतं, आणि कुणी एकटंही नव्हतं. सगळे सुखाने राहिले.

झाली गोष्ट. पांघरूण गळ्यापर्यंत घ्या. शालू, डोळे मीट गं. हं… झोपा आता.