काळे पाय

मुलांनो, एका जंगलात एक मोर राहत असे. दिसायला देखणा, पण नाक मुरडण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. त्याच जंगलात नीलगाईंच्या कळपात एक नवी नीलगाय आली होती. बोलणे बेताचे, डोळे मात्र उघडे. नीलगाईंची रीत अशी, की लेंड्या टाकायच्या त्या सगळ्यांनी एकाच ठरल्या जागी. त्यामुळे कुरणाच्या कडेला त्यांचा भलामोठा ढीग साठला होता. मोर तिथून जाताना म्हणे, "शी! काय काय सोसावे लागते!" मग त्याचा मित्र कोल्हा याने फर्मान काढले, "नीलगाईंनी पाणवठ्यावर सगळ्यांच्या शेवटी यावे. वास येतो."

एकदा कोल्ह्याला रस्त्याकडेला काळ्या तेलाचे पिंप सापडले. "मोरराव, हे पिसांना लावा. आरशासारखी चमकतील!" असे म्हणत तो ते कुरणातून ढकलत निघाला. पिंप दगडावर आपटून फुटले आणि तेल कोल्ह्याच्या पंजांना माखत कुरणभर पसरले. गवत करपले, माती चिकट झाली. उन्हाळा तोंडावर, नवी नीलगाय गाभण, आणि जवळपास दुसरे कुरण नाही. कोल्हा म्हणाला, "झाले ते झाले. आता कोणी कोणाला बोल लावू नये."

नवी नीलगाय रोज कुरणभर फिरून पाहू लागली. सगळे कुरण काळे पडले होते. पण ढिगाच्या पायथ्याशी, जिथे तेल लेंड्यांत मिसळले होते, तिथे काही दिवसांनी हिरवे कोंब डोकावू लागले. "हा ढीग कुरणभर पसरू या," ती म्हणाली. ससा दचकला. "वहिनी, घाणीवर घाण?" "भाऊजी, एक घाण मातीला मारते, एक जगवते. चला, पंजे चालवा!" कळपाने लेंड्या मातीत तुडवल्या, सशाने माती उकरून सैल केली. नीलगाई पाणवठ्यावरून भिजून येत आणि कुरणात अंग झाडत, म्हणजे माती ओली राही. लेंड्यांच्या खतावर मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव पोसले आणि तेलावर तुटून पडले. मोर लांबून म्हणाला, "आता तर सगळीकडेच वास!" हळूहळू काळेपण उतरले. नीलगाईचे पाडस लपेल एवढे गवत वाढले.

लगेच कोल्ह्याने तिथे सभा भरवली. "मोररावांच्या कृपेने कुरण पुन्हा हिरवे झाले!" मग नीलगाईकडे वळून म्हणाला, "तू जरा लांब बस. वास येतो."

"तेल सांडले तेव्हा नाही आला वास?" नीलगाय उठून म्हणाली. "आमच्या लेंड्या मातीत जिरल्या, कोल्होबा. तुमच्या पंजांचे तेल अजून निघालेले नाही. लांब बसायचेच, तर ज्याचे पाय काळे त्याने बसावे." आणि ती पाडसाला घेऊन कुरणाच्या कडेला निघाली. ससा उठला, तिच्या मागे गेला. मग हरणे उठली, मग माकडे. थोड्याच वेळात सगळी सभा नीलगाईभोवती बसली होती, आणि लांब बसलेले असे दोघेच उरले : कोल्हा आणि मोर.

तात्पर्य : घाण करणारेच पुष्कळदा नाक मुरडतात. कोणी 'लांब बस' म्हटले, तर आधी म्हणणाऱ्याचे पाय पाहावेत.