जांभळीवरची खार आणि भित्री पिसोरी

मुलांनो, डोंगराच्या अगदी काठावर, जिथे जमीन संपते आणि ढग सुरू होतात, तिथे एक दाट रान होते. त्या रानात एक मोठी खार राहत असे. पाठ तांबूस, पोट सायीच्या रंगाचे आणि शेपटी अंगापेक्षाही लांब. अशा खारीला आपल्याकडे शेकरू म्हणतात. ती जमिनीवर सहसा उतरत नसे. झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले होते, त्यांच्यावरूनच ती रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. खाली राहणाऱ्या प्राण्यांना मात्र वर पाहिले तर पानेच पाने दिसत. पानांच्या फटीतून जमिनीवर पडणारे कवडसे, एवढीच त्यांची आभाळाशी ओळख होती.

एके दिवशी सकाळी खार घरट्यात बसली असताना दरीतून एक ढग वर आला. तो तिच्या झाडात शिरला, फांद्याफांद्यांतून थोडा वेळ रेंगाळला आणि पलीकडच्या बाजूने निघून गेला. जाताना तिच्या मिशांवर पाण्याचे बारीक थेंब ठेवून गेला. हे कुणाला तरी सांगावे असे खारीला दिवसभर वाटत राहिले. रानाच्या मध्यभागी एक तळे होते आणि त्याच्यावर एक जांभूळ झुकले होते. संध्याकाळी ती त्या जांभळीच्या खालच्या फांदीवर आली. तळ्यातल्या दगडावर एक म्हातारे कासव बसले होते. खारीने त्यालाच सगळे सांगितले.

कासवाने मान सावकाश बाहेर काढली. "म्हणजे ढग ओला असतो होय? मला वाटायचं, शेवरीच्या कापसासारखा कोरडा असेल." मग मान पुन्हा आत घेता घेता ते म्हणाले, "उद्या काय दिसलं, तेही सांग हं."

तेव्हापासून खार रोज सांजावताना जांभळीवर येऊ लागली. तुमच्यापैकी कुणाची ताई किंवा कुणाचा दादा ब्लॉग लिहीत असेल. आज काय पाहिले, मनात काय आले, ते लिहायचे आणि ज्याला वाचायचे असेल त्याने येऊन वाचायचे. खारीची फांदी अगदी तशीच होती. कुणाला बोलावणे नसे, कुणाला मनाई नसे. आणि रानाचा एक जुना रिवाज होता, की तळ्याकाठी कुणी कुणावर डोळा ठेवायचा नाही. त्यामुळे कासवाच्या जोडीला हळूहळू एक साळिंदर येऊ लागले, दोन ससे येऊ लागले. खार सांगे, "आज अंजनीला बहर आलाय. एवढी निळी फुलं, की वाऱ्याने फांदी हलली आणि मला वाटलं, आभाळच हललं." ससे डोळे मिटून घेत आणि त्यांना ते निळे झाड मिटल्या डोळ्यांनी दिसे.

आणखीही एक जण ऐकत होती, पण ते खारीला ठाऊक नव्हते. जांभळीच्या मुळांमागे, पाचोळ्यात दडून, एक पिसोरी बसत असे. पिसोरी म्हणजे सशाएवढे, अंगावर पांढरे ठिपके असलेले इवलेसे हरीण. ही पिसोरी फार भित्री होती. पान पडले तरी दचके. एका खडकाच्या कपारीत ती दिवस काढी. तळ्याचे पाणी उघड्यावर होते, म्हणून तिथे जायची तिची छाती होत नसे. कपारीजवळच्या ओहोळात जे थेंबभर मिळे, त्यावर ती भागवी. मुळांमागे येऊन ऐकणे, हे तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे धाडस होते.

एका संध्याकाळी खार उशिरा आली. फांदीवर बसली, पण काही बोलेना.

"काय झालं गं?" कासवाने विचारले.

"आज हिरड्याची फांदी मोडली," खार म्हणाली. "रोज तिच्यावरून मी दरीपलीकडच्या आंब्यावर उडी मारते. आज उडी मारताना ती कडाडली आणि मी खाली जाऊ लागले. एका वेलीत नखं अडकली म्हणून वाचले. नंतर पुन्हा त्या जागी गेले, तर उडी मारवेना. पाय लटलट कापत होते. मग लांबून, झाडाझाडाने वळसा घालून आले."

साळिंदराच्या अंगावरचे काटे मऊ वाऱ्यात खुळखुळले. मुळांमागे पिसोरीने श्वास रोखून धरला होता. उंच झाडांवर राहणारी, ढगांशी बोलणारी खारसुद्धा घाबरते? आपल्याच काळजात हे धडधडणे आहे असे तिला जन्मभर वाटत आले होते. सगळे गेल्यावर ती पाचोळ्यातून बाहेर आली. एक पाऊल टाकले, थांबली, दुसरे टाकले. मग उघड्यावर, तळ्याच्या काठाशी उभी राहून ती पोटभर पाणी प्यायली. पाण्यात तिला स्वतःचा चेहरा पहिल्यांदाच दिसला. त्यानंतर ती रोज तिथे पाणी पिऊ लागली. हे सारे पाहिले ते एकट्या कासवाने.

असेच दिवस चालले होते. मग एकदा तिथे एक कोल्हा आला. सगळे ऐकून झाल्यावर तो शेपटी झटकत म्हणाला, "खारूताई, जीभ गोड आहे हो तुमची! पण ऐकायला कोण, तर एक कासव आणि दोन ससे! पलीकडच्या माळावर कोतवाल पक्षी बोलतो, तिथे पाय ठेवायला जागा नसते."

"तो काय सांगतो?" खारीने विचारले.

"पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. कसं जगावं ते सांगतो. तुमची फांदी मोडली, तुमचे पाय कापले, याच्याशी कुणाला काय देणंघेणं? थक्क करून सोडा ताई, थक्क! मी सगळ्या रानाला बोलावून आणतो."

"आणि तुला रे काय मिळणार त्यातून?" कासवाने विचारले.

"मला? पुढे बसायला मिळेल," कोल्हा हसून म्हणाला, आणि ते त्याचे बोलणे खरेच होते.

खारीला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक पराक्रमाची गोष्ट रचून सांगितली. कोल्ह्याने आणलेली चार माकडे खूश झाली. ती आणखी दहा जणांना घेऊन आली. मोर आले, भेकरे आली, एक अजस्र गवासुद्धा येऊन मागे उभा राहिला. तळ्याचा काठ फुलून गेला. सगळे "वाहवा!" म्हणत तेव्हा खारीच्या शेपटीचा केसन् केस फुले.

पण हळूहळू एक विचित्र गोष्ट घडू लागली. खार सकाळी शेंड्यावर बसे, समोर दरीत ढगांचे तळे साचलेले असे, त्यावर ऊन सोन्यासारखे पसरे आणि ती मनात म्हणे, "यात सांगण्यासारखं काय आहे? याला कोण वाहवा म्हणणार?" आणि न पाहताच पुढे जाई. दिवस सरे, पण तो कसा गेला हे तिला आठवत नसे. जणू दिवस तिच्या अंगावरून दुसऱ्याच कुणाचे होऊन जात होते.

उन्हाळा वाढला. ओहोळ आटले. रानात पाणी उरले ते फक्त त्या तळ्यात. अशाच एका संध्याकाळी, भरगच्च गर्दीसमोर, खार छाती काढून म्हणाली, "भीती? भीती कशाशी खातात, मला माहीत नाही! ती दरीवरची उडी मी डोळे मिटून मारते. ऐका, ज्याच्या मनात भीती आहे, त्याला या रानात जागा नाही!"

"वाहवा! वाहवा!" माकडांनी फांद्या हलवल्या. मोरांच्या केकांनी रान दुमदुमले. आणि मुळांमागे पिसोरीने कान पाडले. ती आवाज न करता उठली आणि आपल्या कपारीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गर्दीतल्या कुणाला ते कळले नाही. चौथ्या दिवशी दुपारी खार पाणी प्यायला फांदीवर आली, तेव्हा कासवाने तिला हाक मारली.

"ती येत नाही गं आता."

"कोण येत नाही? एवढे तर येतात!"

"पिसोरी. या मुळांमागे बसून रोज ऐकायची. तुझी फांदी मोडली त्या दिवशी पहिल्यांदा उघड्यावर येऊन पाणी प्यायली होती. आता ओहोळही आटलाय. मी काल तिच्या कपारीपर्यंत जाऊन आलो. ती आत आहे, पण बाहेर यायला तयार नाही. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

कपार खडकांच्या पलीकडे होती. तिथे झाड नव्हते. तिथपर्यंत जमिनीवरूनच चालत जायला हवे होते. जमिनीवरची खार म्हणजे पाण्याबाहेरची मासोळी. कुणीही यावे आणि उचलून न्यावे. ती खोडावरून अर्धी उतरली आणि थबकली. पुन्हा वर गेली. मग डोळे घट्ट मिटून तिने खाली उडी टाकली.

पायाखाली पाचोळा वाजला. एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. एका दगडामागून दुसऱ्या दगडामागे दडत ती कपारीपाशी पोहोचली. आत अंधार होता आणि त्यात दोन मोठे, ओले डोळे होते.

"बाहेर ये गं," खार म्हणाली. "पाणी पिऊन घे."

"कशी येऊ?" पिसोरीचा आवाज सुकल्या पानासारखा झाला होता. "ज्याच्या मनात भीती, त्याला रानात जागा नाही. तूच म्हणालीस ना? मला तर सारखीच भीती वाटते. आधी वाटायचं, तुलाही वाटते. मग चालायचं. पण आता मी एकटीच उरले."

खार कपारीच्या तोंडाशी आणखी सरकली. ती म्हणाली, "ती उडी मी अजून मारलेली नाही. रोज वळसा घालूनच येते."

"खरं सांगतेस?"

"माझे पाय बघ."

पिसोरीने मान पुढे काढून पाहिले. खारीचे चारही पाय थरथरत होते, मिशासुद्धा थरथरत होत्या. पिसोरी कितीतरी वेळ पाहत राहिली. मग ती हळूच उठली. दोघी एकमेकींना चिकटून निघाल्या. कुठे काटकी मोडली की दोघी एकदमच दचकत आणि दोघी एकदमच थांबत. तळ्यावर पोहोचल्यावर पिसोरी पाणी प्यायली आणि ती पीत असताना खार तिच्यापाशी जमिनीवरच उभी राहिली.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे गर्दी जमली. कोल्हा सर्वांत पुढे होता. खार फांदीवर आली आणि शांतपणे म्हणाली, "आज मी जमिनीवर उतरले. मला खूप भीती वाटली. पाचोळ्याला एक उबदार वास असतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. आणि दरीवरची उडी मी डोळे मिटून मारते, ते खोटं होतं. ती मला मारताच येत नाही."

माकडांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने जांभई दिली. "एवढंच?" म्हणत मोर उठले. कोल्हा दात खात म्हणाला, "वाटोळं केलंत ताई, सगळ्याचं वाटोळं!" आणि माळाकडे चालता झाला. काठ बघता बघता रिकामा झाला. उरले ते कासव, साळिंदर आणि दोन ससे. आणि मागे, झाडासारखा निश्चल, तो गवा. त्याने घसा खाकरला आणि एवढ्या मोठ्या देहातून अगदी बारीक आवाज काढला, "मला वीज कडाडली की भीती वाटते. आईला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं."

कुणी हसले नाही. तळ्यावर संधिप्रकाश पसरला होता आणि पाण्याचा आणि आभाळाचा रंग एकच झाला होता. तेवढ्यात मुळांमागून एक नाजूक, अडखळता आवाज आला. "मी... मी सांगू का थोडं?"

पिसोरी बाहेर आली होती. ती जमिनीकडे पाहत बोलू लागली. "माझ्या कपारीत मातीला कान लावला, की मुंग्या चालल्याचं ऐकू येतं. खूप दूरवर पावसाची सर रिमझिमल्यासारखं. आज सकाळी एक मुंगी फुलपाखराचा पंख घेऊन निघाली होती. वाऱ्याने तो पंख उभा राहिला आणि ती मुंगी शिडाच्या होडीसारखी माझ्या समोरून गेली. मी मान वळवत वळवत तिला शेवटपर्यंत पाहिलं."

वर फांदीवर खार पोट टेकून पसरली होती, शेपटी खाली सोडून, डोळे मिटून. आयुष्यभर तिने रान वरून पाहिले होते. आज पहिल्यांदाच ते तिला खालून दिसत होते.

"मग?" ती हळूच म्हणाली. "मग काय झालं?"

तात्पर्य : ब्लॉग लिहावा तो स्वतः पाहिलेले आणि मनाला खरेच वाटलेले सांगण्यासाठी; वाहवा मिळवण्यासाठी रचलेले शब्द गर्दी विसरून जाते, पण खरेपणाने सांगितलेली लहानशी गोष्ट कुणा अनोळखी वाचकाला एकटे राहू देत नाही.