भानजीच्या दातांतली काडी

शके सतराशे एकाहत्तर, वैशाख शुद्ध पक्ष. उन्हाने कातळ तापला होता आणि पाटथर गावात शाकारणी सुरू झाली होती. कौले तेव्हा कुणाच्याच घरावर नव्हती. भाताचा पेंढा हेच गावाचे छप्पर, हीच बाळंतिणीची शेज, हीच डोक्यावरची चुंबळ आणि हीच आंब्याची अढी. बियाण्याचे भातसुद्धा पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवीत. घरे शाकारावीत ती मात्र भानजीनेच. त्याच्या छपराला पाऊस वाट पुसून मग पडे, असं म्हणतात.

विधवेचे घर गावाने शाकारावे, ही पाटथरची रीत. प्रत्येक घराने पाच पेंढ्या द्यायच्या, त्याही हाताने झोडलेल्या. कारण बैलांच्या पायांखाली मळलेली काडी मोडते आणि मोडलेली काडी पाणी पिते. त्या वर्षी भानजीच्या मुलीचे लग्न होते. वऱ्हाडाने आपले छप्पर पाहत राहावे, या हौसेपायी त्याने विधवा येसूवहिनीच्या वाट्याच्या पेंढ्या आपल्या घरावर चढवल्या. तिच्या छपरात खाली मळणीचा चुरा पसरला आणि वर दाखवण्यापुरता चांगल्या काडीचा एक थर दिला.

लग्न थाटात झाले. मग वैशाख सरता सरता वळीव कोसळला. येसूवहिनीची मुडी भिजली आणि ऐन पेरणीच्या तोंडावर तिच्या साऱ्या बियाण्याला मोड आले.

विहिरीवर खोतीणबाई म्हणाल्या, "मुडी बांधली होतीस ग येसू, की माहेरचं बोचकं?"

बायका हसल्या. भानजी जवळच पेंढ्याची दोरी वळीत बसला होता. खोतीणबाईंनी त्याला विचारले, "काय रे, तुझं छप्पर तर गळलं नाही ना?"

"माझं छप्पर? छे."

"चुकलं असेल माझंच," येसूवहिनी म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

ते शब्द भानजीला कुसळासारखे रुतले. तिसऱ्या दिवशी देवळापुढे, भरल्या गावासमोर, त्याने सारे कबूल केले आणि शरण आलेला माणूस धरतो तशी एक काडी दाती धरली. खोतीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी विहिरीवर कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिले नाही.

भानजीने आपले छप्पर उतरवून तिच्या घरावर घातले, आपली मुडी तिच्या ओटीवर ठेवली आणि पावसाळाभर बायकोसह गोठ्यात राहिला. मोड आलेले भात त्याने आपल्या खाचरात टाकले. ते पुरुषभर उंच वाढले, असं म्हणतात. येसूवहिनीच्या दारावरून जाताना मात्र तो वर्षभर काडी दाती धरी आणि मान खाली घाली.

शेवटी भानजी तोच उंच पेंढा घेऊन तिच्या अंगणात आला आणि एकेक पेंढी सोडून तिच्यापुढे ठेवू लागला. वहिनीने प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग त्याच्या दातांतली काडी आपल्या हाताने काढून घेतली.

"पुरे झालं, भावजी. वर चढा आता. पाऊस काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

आज पाटथरात कौले आहेत, पत्रे आहेत. तरी छपराला हात लावण्याआधी कारागीर एक पेंढी सोडून घरधनिणीपुढे ठेवतो आणि काडी दाती धरून उभा राहतो. तिने आत हात घालून पाहावे, काडी काढावी, मगच त्याने शिडीवर पाय ठेवावा. दिवसही तोच, येसूवहिनीने भानजीच्या दातांतली काडी काढली तो: अक्षय्य तृतीया, शके सतराशे बाहत्तर.