ठिपकी बेडकीचं घुंगरू

तुम्ही घुंगरू घातलेली बेडकी पाहिली आहे का?

एक होती ठिपकी बेडकी. इवलीशी. बोराएवढी. गॅलरीत अळूची कुंडी होती. त्या कुंडीत ती आईजवळ राहायची. आईनं तिच्या पायात एक घुंगरू बांधलं होतं. ठिपकी उडी मारायची, टुणुक टुणुक. घुंगरू वाजायचं, छुम छुम. मग आईला कळायचं, आपली ठिपकी कुठे आहे.

घरात एक छोटी मनू होती. दुपार झाली की मनू ते छुम छुम ऐकायची आणि झोपायची.

एके दिवशी मनूचे बाबा गालिचा धूत होते. गालिचा धुवायच्या मशीननं. घर्रर्र घर्रर्र! ठिपकी गालिच्यावरून निघाली. टुणुक टुणुक, छुम छुम. टुणुक टुणुक, छुम... आणि घुंगरू सुटलं!

मशीन आलं. सुप्प! घुंगरू आत गेलं.

मशीन म्हणालं, घर्रर्र... घं... घं... फुस्स. आणि बंद पडलं. अर्धा गालिचा स्वच्छ. अर्धा तसाच, आमटीच्या डागासकट.

बाबांनी झाकण उघडलं. आत पाहिलं.

स्वयंपाकघरातून मनूची आई म्हणाली, "अहो, मागच्या वेळी मशीनची जाळी धुतली होतीत ना?"

"नंतर बघू म्हटलं होतं," बाबा म्हणाले.

"आणि मग?"

"मग राहिलंच."

तेवढ्यात मनू रडायला लागली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं. झाकण उघडंच राहिलं.

ठिपकी मशीनजवळ गेली. टुणुक टुणुक. पण छुम छुम नाही.

"मशीनदादा, मशीनदादा, घुंगरू दे.
माझं छुम छुम वाजेना!"

मशीन म्हणालं, "तुझं घुंगरू जाळीवरच्या गुंत्यात अडकलंय. जाळी मोकळी झाल्याशिवाय मी घुंगरू देणार नाही."

ठिपकी जाळीकडे गेली. टुणुक टुणुक. जाळी होती लोखंडाची. बारीक बारीक भोकांची. पण भोकं दिसतच नव्हती!

"जाळीताई, जाळीताई, मोकळी हो.
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

जाळी म्हणाली, "कशी होऊ? केस चिकटलेत. लोकर चिकटलीय. कुरमुऱ्यांचा चुरासुद्धा आहे! ब्रशनं घासल्याशिवाय मी मोकळी होणार नाही."

ठिपकी मोरीत गेली. टुणुक टुणुक. तिथे एका मगात जुना टूथब्रश राहत होता. दात घासून घासून तो म्हातारा झाला होता. आता तो नळ घासायचा, कंगवे घासायचा.

"ब्रशआजोबा, ब्रशआजोबा, जाळी घासा.
जाळी मोकळी होईना,
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

ब्रश म्हणाला, "घासतो की! पण कोरडं घासलं की माझे केस गळतात. आधीच थोडे उरलेत. कोमट पाणी मिळाल्याशिवाय मी घासणार नाही."

ठिपकी बादलीवर चढली. टुणुक टुणुक. बादलीत पाणी होतं.

"पाणीमावशी, पाणीमावशी, कोमट व्हा.
ब्रश जाळी घासेना,
जाळी मोकळी होईना,
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

पाणी म्हणालं, "मी गारच आहे गं. बोट घालून बघ. गीझर तापल्याशिवाय मी कोमट होणार नाही."

गीझर भिंतीवर होता. उंच उंच. ठिपकीनं मान वर केली.

"गीझरमामा, गीझरमामा, तापा ना.
पाणी कोमट होईना,
ब्रश जाळी घासेना,
जाळी मोकळी होईना,
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

गीझर म्हणाला, "माझं बटण बाहेर आहे. मला हात नाहीत. बाबांनी उठून बटण दाबल्याशिवाय मी तापणार नाही."

ठिपकी बाबांकडे गेली. टुणुक टुणुक.

"मनूचे बाबा, मनूचे बाबा, बटण दाबा.
गीझर काही तापेना,
पाणी कोमट होईना,
ब्रश जाळी घासेना,
जाळी मोकळी होईना,
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

बाबा हळूच म्हणाले, "शूऽऽ! मनू मांडीवर आहे. मनू झोपल्याशिवाय मी उठणार नाही."

ठिपकी मनूकडे वळली.

"मनूबाळा, मनूबाळा, झोप ना.
बाबा काही उठेनात,
गीझर काही तापेना,
पाणी कोमट होईना,
ब्रश जाळी घासेना,
जाळी मोकळी होईना,
मशीन घुंगरू देईना,
माझं छुम छुम वाजेना!"

मनूनं नाक ओढलं. मनू म्हणाली, "छुम छुम! छुम छुम हवं! छुम छुम ऐकल्याशिवाय मनू झोपणार नाही!"

आता काय करायचं?

घुंगरू नाही म्हणून मनू झोपेना. मनू झोपेना म्हणून घुंगरू मिळेना! ठिपकीच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅलरीतून आईची हाक आली, "ठिपके, ए ठिपके! कुठे आहेस गं? तुझं घुंगरू ऐकू येत नाही!"

"इथेच आहे, आई!" ठिपकी म्हणाली. पण तिचा आवाज बोराएवढा. तो कुंडीपर्यंत पोचलाच नाही.

जमिनीवर मनूची वाटी पालथी पडली होती. स्टीलची वाटी. मऊ भात खाऊन रिकामी झालेली. ठिपकीनं वाटीकडे पाहिलं. मग तिनं मारली उडी.

टिण्ण!

मनूनं रडणं थांबवलं.

टुणुक, टिण्ण! टुणुक, टिण्ण!

"छुम छुम नाही," मनू म्हणाली. "टिण टिण आहे."

टुणुक, टिण्ण! टुणुक, टिण्ण! ठिपकीचे पाय दुखले. तरी ती उड्या मारत राहिली. मनूनं अंगठा तोंडात घातला. टिण्ण... मनूचा एक डोळा मिटला. टिण्ण... दुसराही मिटला.

मनू झोपली.
बाबा तिला गादीवर ठेवून उठले. आधी त्यांनी मशीनची पिन काढली. मग बटण दाबलं, खट्.
गीझर तापला, सूंऽऽ.
पाणी कोमट होऊन मगात आलं.
ब्रशआजोबांनी पाण्यात बुडी मारली. डुबुक!

बाबांनी मशीनमधून जाळी बाहेर काढली. मगावर धरून घासायला सुरुवात केली. खस खस खस.

दारातून मनूची आई दबक्या आवाजात म्हणाली, "तशी नाही, उलट्या बाजूनं घासा. म्हणजे कचरा बाहेर पडेल. नाहीतर आणखी आत बसेल."

बाबांनी जाळी उलटी केली. खस खस खस. केस निघाले. लोकर निघाली. कुरमुऱ्यांचा चुरासुद्धा निघाला. बाबांनी जाळी खिडकीशी उजेडात धरली.

"दिसतो का उजेड?" आईनं विचारलं.

"कोपऱ्यात नाही दिसत."

"मग कोपरा घासा."

खस खस खस! कोपऱ्यातला मोठ्ठा गुंता सुटला आणि मगात पडलं काहीतरी.

टिंग!

जाळी मोकळी झाली. तिच्या भोकाभोकांतून उजेड आला.

मशीन म्हणालं, "घे गं बाई तुझं घुंगरू!"

"हेच का गं तुझं?" बाबा म्हणाले. त्यांनी ते पुसून खाली ठेवलं. ठिपकीनं पटकन उचललं आणि पायात घातलं.

टुणुक टुणुक, छुम छुम. टुणुक टुणुक, छुम छुम.

अळूच्या पानाखालून आईनं विचारलं, "आलीस का गं?"

"आले, आई!"

आईनं घुंगराची गाठ बांधली. एक नाही, दोन. घरात मनू झोपेतच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी उरलेला अर्धा गालिचा धुतला आणि लगेच जाळीही धुतली.