हौसाचं सूप

कुसळवाडीच्या वरच्या अंगाला जो उघडा माळ दिसतो, त्यावर कधी नांगर चालत नाही. खुरट्या बाभळींच्या बुंध्याशी तिथं उंदरांची बिळं आहेत. हा घरातला उंदीर नव्हे. लांब मागच्या पायांवर टुणटुण उड्या घेणारा, शेपटीला झुबका असलेला, पाण्यावाचून महिनोन्महिने काढणारा माळाचा जीव. खळं उरकलं की वाडीच्या बाया सूपभर बाजरी या बिळांपाशी ओततात आणि न बोलता परततात. पाहुण्यांनी कारण विचारलं, की वाडीतले बिराआबा धनगर हौसाची गोष्ट सांगतात.

फार मागं मोठा दुष्काळ पडला. हौसाचा नवरा मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला, तो परतलाच नाही. मागं राहिल्या हौसा आणि तिची तान्ही लेक, बाळाई. लोक बिळं खणून उंदरांनी साठवलेलं धान्य काढत होते. हौसाही पहार घेऊन माळावर गेली. बिळात बाजरी निघाली, आणि आत गवताच्या मऊ घरट्यात पिल्लं. उंदरी पळाली नाही. हातभर अंतरावर बसून राहिली म्हणे.

हौसाला ते बघवेना. "अर्धं तुझं, बाई," ती म्हणाली. "त्याला मी पुन्हा हात लावायची नाही." निम्मे दाणे माघारी ठेवून तिनं बीळ झाकलं.

तेवढ्यावर थोडे दिवस निघाले. मग बाळाई झडत गेली. रडायचंही बळ उरलं नाही. हौसा दारोदार फिरली, पण कुणाच्याच चुलीवर तवा चढत नव्हता. शेवटी तिनं पुन्हा पहार उचलली. खणताना ती रडत होती, पण हात थांबले नाहीत, असं सांगतात. उरलेल्या दाण्यांची तिनं पेज केली. बाळाईनं घोटभर घेतली. पुढचा घोट ओठावरून ओघळला.

लेकीला मूठमाती द्यायला ती माळावरच गेली. उकरलेल्या बिळात पिल्लं थंड पडली होती आणि उंदरी त्यांना पोटाशी घेऊन तशीच बसली होती. हौसानं लेकीशेजारी त्या पिल्लांनाही माती दिली.

"माझी तर वाचली नाहीच," ती म्हणाली, "हिचीही मीच घालवली."

पुढं पाऊस झाला, बाजरी आली. हौसानं तिचा दाणा तोंडात घातला नाही. पहिलं सूप माळावर ओतलं, आणि जगली तोवर दरसाल ओतत राहिली. ती गेल्यावर वाडीनं ते काम उचललं.

आजही लेकुरवाळी बाई माळावर निघाली, की मूल शेजारणीकडं देते. त्या रिकाम्या कडेवर सूप घेऊन ती एकटीच चढ चढते.