ठकूआईचा चर

नदीनं खालचं गाव दोनदा धुऊन नेलं, त्यानंतरची ही गोष्ट. पाटलांनी गाव टेकाडावर हलवलं आणि घरांसाठी जागा आखून दिल्या. वरच्या जागांसाठी भांडणं झाली. अगदी तळाची जागा ठकू कुंभारणीला मिळाली. तिथं माती चांगली होती, आणि दुसऱ्या कुणाला ती नकोच होती.

नव्या गावात सगळ्यांना एकच वेड लागलं. शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा आपलं जोतं उंच हवं. एकानं एक थर चढवला, की दुसरा दोन चढवायचा. पावसाचं पाणी मग याच्या अंगणातून त्याच्या अंगणात, तिथून गल्लीत आणि गल्लीतून थेट ठकूच्या दारात. पहिल्याच पावसाळ्यात तिची कच्ची मडकी विरघळून पुन्हा माती झाली. आणखी एकदा असं झालं असतं, तर तिला गाव सोडावं लागलं असतं.

ती पाटलांकडे गेली.

"ठकूबाई, पाणी खाली येणारच. त्याला मी काय हुकूम देऊ?"

"तुम्ही नका देऊ. तुमचं माणसंसुद्धा ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिनं मडकी भाजायच्या आव्यातली राख घेतली आणि टेकाडाच्या माथ्यापासून घरांच्या कडेकडेनं रेघ ओढत आली. आव्याला वळसा घालून ती रेघ तिच्या मातीच्या खाणीत उतरली. मग तिनं पाणवठ्यावर सहज सांगितलं, "या रेघेवरची माती जोत्यात घातली, तर जोतं दरसाल बोटभर आपोआप वाढतं."

"आणि नाही वाढलं तर?" एकीनं विचारलं.

"मग माती कमी पडली असेल. आणखी खणायची."

गाव खणू लागलं. भर दुपारी, शेजारी झोपला आहे हे बघून. शेजारीही त्याच हिशेबानं उठायचा, त्यामुळे रेघेवर गर्दी व्हायची आणि कुणी कुणाला ओळख दाखवायचं नाही. पावसाळ्याआधी रेघेच्या जागी कमरेइतका खोल चर झाला.

मग असा पाऊस आला, की टेकाड दिसेना. पाणी माथ्यावर येऊन थबकलं, असं म्हणतात. त्यानं गल्लीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं आणि ते चरात उतरलं. ठकू डोक्यावर पदर घेऊन खाणीच्या काठावर उभी होती. म्हणाली, "या, लांबून आलात. बसा." पाण्यानं तिच्या पायाशी एक वळसा घेतला आणि ते खाणीत बसलं. आव्याची राखसुद्धा भिजली नाही, असं म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली नाही, एवढं मात्र सगळे एकमुखानं सांगतात.

जोती वाढली का? गावात कुणीही नाही म्हणत नाही. नाही म्हटलं, तर फक्त शेजाऱ्याचं वाढलं असा अर्थ होतो.

खाणीचं आता तळं झालं आहे. अजूनही पावसाळ्याआधी प्रत्येक घर चरातला गाळ काढून घमेलंभर आपल्या जोत्यावर घालतं. पहिलं पाणी येतं, तेव्हा गावातली सर्वांत म्हातारी बाई तळ्याच्या काठावर जाऊन म्हणते, "या, बसा."

अलीकडे माथ्यावर प्लॉट पडले, बंगले झाले. पहिल्या बंगल्याचे साहेब ही गोष्ट ऐकून पोट धरून हसले. "जोतं कुठं वाढतं का हो?"

गावानं वाद घातला नाही. शेजारच्या बंगल्यानं यंदा दोन घमेली नेली, एवढंच सांगितलं.

साहेब दुसऱ्याच दिवशी चरात उतरले. भर दुपारी, शेजारची खिडकी बंद आहे हे बघून.