तबिथाबाईचं राखून ठेवलेलं वचन

त्या काळी ख्रिस्ती मंडळीतल्या बाया दळता दळता बायबलमधली वचनं ऐकून पाठ करत. तबिथाबाईही तशीच शिकलेली, अक्षरशून्य. मिशनच्या तोंडी परीक्षेत नापास झाली तर घरोघर वचनं सांगायचं तिचं काम सुटणार होतं.

तिने चाळीस वचनं घडाघडा म्हटली. परीक्षा घ्यायला आलेले रणपिसेसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “कुठलं वचन कुठल्या पानावर, तेही सांगा. नाहीतर ही नुसती पोपटपंची!”

पदर सावरून ती म्हणाली, “पान नाही ठाऊक, साहेब. घर ठाऊक आहे. दुखणं असेल तिथं हे म्हणते, मयत झाली तिथं ते. एक तेवढं अजून कुठं म्हटलं नाही.”

“कोणतं?”

“नम्रतेचं. तुम्ही येणार म्हणून राखून ठेवलं होतं.”

साहेबांनी तिला पास केलं. म्हातारपणी हा किस्सा ते स्वतःच सांगत, ते वचनही म्हणून दाखवत. पान मात्र कधी सांगत नसत.